पाहुण्याच्या गाडीची जागा

अंबाबाईंना दादाभाऊ खरं तर फार थोडं ओळखत होते. चार वर्षं एकाच इमारतीत राहूनही अंबाबाईंचं माहेर निमगाव सावा, यापलीकडे दादाभाऊंना काही सांगता आलं नसतं. पण बाजरीच्या राशीची गोष्ट मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मंचरला अंबाबाईंच्या कांद्याच्या रानात ही इमारत उभी राहिली. त्यांचा पुतण्या सुदर्शन बांधकामात भागीदार. लोक राहायला आल्यावर त्यानं खालचं अर्धं पार्किंग भिंत घालून दुकानांना द्यायचं ठरवलं.

"नकाशात पार्किंग दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत न्हाई काकी, म्हणून दाखवलं. आता कोण बघतंय? गाड्या लागतील रस्त्याला."

"तुझ्या सोयऱ्यांनी रस्त्यावर बैल सोडायचं का रं?"

"आता बैल कुठं राहिलं?"

"बैल गेलं. पावणं गेलं का?"

सुदर्शन हसला आणि त्यानं विटा मागवल्या.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईंनी सगळ्यांना त्या अर्ध्या भागातल्या गाड्या बाहेर काढायला लावल्या. ती अर्धी फरशी शेणानं सारवली, महाळुंग्याच्या शेतातली बाजरी आणून मधोमध रास घातली आणि कडेला दिवा लावला. गोकुळ गवंडी घमेलं घेऊन आला तो कडेलाच थबकला. चपला काढून त्यानं राशीला हात जोडले.

"आरं, पार्किंग हाय हे!" सुदर्शन ओरडला.

"आज खळं हाय, भाऊ. रास उचलंस्तवर मी थापी लावायचो न्हाई."

"उचल मग तूच!"

"मालकिणीची रास मी उचलू? येडा का खुळा?"

सुदर्शनचाही हात राशीला लागेना. शेवटी त्याच्याही बापाच्या खळ्यावर कुणी चपलेनं फिरलं नव्हतं.

त्यातच बाजाराचा दिवस आला आणि सुदर्शनच्या मुलीला, श्रेयाला बघायला नारायणगावचे पाहुणे निघाले. उरलेलं अर्धं पार्किंग भरलेलं, बाकीच्या गाड्या आधीच रस्त्यावर, त्यात भाजीचे टेम्पो. पाहुण्यांनी दोन चकरा मारल्या आणि गाडी पार पुढं लावली. मुलाचे आजोबा गुडघा धरत, उन्हातून चालत आले. जिन्याशी टेकून ते म्हणाले, "बिल्डिंग लई झ्याक हाय राव. पर पावण्यानं गाडी सोडायची कुठं?"

अंबाबाईंनी पदर खोचला. दादाभाऊंनी पोती धरली, गोकुळनं बाजरी भरली. फरशी झाडून झाली तशी त्या म्हणाल्या, "सुदर्शन, जा, पावण्यांची गाडी आत घे."

गाडी सारवलेल्या जागेवर येऊन उभी राहिली. चहा झाल्यावर सुदर्शननं गोकुळला हळूच सांगितलं, "विटा परत ने."

आज त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींच्या खाली नुसती दुकानं आणि बाहेर गाड्यांच्या रांगा. कुठं राहता, असं कुणी विचारलं, की एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारे दादाभाऊ मोठ्यानं सांगतात, "पाहुण्याची गाडी आत लागते ना, ती इमारत. अंबाबाईंची."

अंबाबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दादाभाऊ स्कूटर काढत होते. त्या कट्ट्यावर घेवडा निवडत बसल्या होत्या.

"दादाभाऊ, आल्यावर स्कूटर जरा भिंतीकडं लावा. मधली जागा मोकळी ऱ्हाऊ द्या."

"कोण येणार आहे का, आक्का?"

"कुनी तरी येतंयच की."

"बरं. लावतो."