आपल्याच संघाविरुद्ध वाजवलेली शिट्टी

हरसिंग सर गेले हे मला कुणी सांगितलं नाही, मी ते मोबाइलवर पाहिलं. सकाळी दूध गॅसवर ठेवलं होतं आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र आलं. काळी किनार, दोन पणत्या, कोपऱ्यात सरांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, आणि त्याच्या दुपटीने मोठा, हात जोडलेला, आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा फोटो. खाली ओळ होती, 'आमचा मार्गदर्शक हरपला.' दूध उतू जाऊन शेगडीवर सांडलं तरी मी तशीच उभी होते. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप. कारण सरांच्या आयुष्यातलं शेवटचं दीड वर्ष ज्याच्या शब्दावरून गावातल्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं होतं, तोच हा हात जोडलेला माणूस होता.

हरसिंग सर नेरच्या आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि मी मराठी शिकवत असे. जवळच्याच एका बंजारा तांड्यावर त्यांचा जन्म, घरात गोरबोली, शाळेत वऱ्हाडी आणि फळ्यावर लिहिताना अगदी छापील मराठी. निवृत्तीनंतर त्यांनी इथल्या एका साप्ताहिकात सदर सुरू केलं, 'शिट्टी' नावाचं. राजकारण, क्रिकेट, सिनेमा, टीव्हीवरच्या मालिका, कशावरही लिहीत. माणूस जुन्या वळणाचा, आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे. खेळाडूंच्या लिलावावर त्यांनी लिहिलं होतं की बैलबाजारात निदान बैलाचे दात तरी पाहतात. तांड्यावरच्या तीजेच्या सणात पोरी स्वतः गात असताना डीजे कशाला हवा, यावर तर त्यांनी लागोपाठ तीन आठवडे लिहिलं. पक्ष बदलणारे, कुटुंबाची थट्टा करणारे विनोदवीर, राष्ट्रगीताच्या वेळी च्युइंगम चघळणारे खेळाडू, सगळ्यांवर ते तुटून पडत. त्यांच्या बाजूचे लोक हे लेख एकमेकांना पाठवत, चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचत. सर बसस्टँडवर उतरले की 'सर, या खेपेस मस्त ठोकलं!' म्हणून लोक हात मिळवत. ठोकलेला माणूस दुसऱ्या बाजूचा असेपर्यंत हे सगळं छान चाललं होतं.

माझं आणि त्यांचं राजकारण कधीच जुळलं नाही. तरी दर बुधवारी दुपारी ते लेख घेऊन माझ्याकडे यायचे, शुद्धलेखन तपासायला. मी लाल पेन घेऊन बसे आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करता करता भांडत असे. एकदा त्यांनी रील बनवणाऱ्या मुलींवर लिहिलं. नाव दिलं नव्हतं, पण 'आपल्याच शाळेच्या पायऱ्यांवर नाचणारी' असं होतं, आणि ती मुलगी कोण हे सगळ्या नेरला ठाऊक होतं. त्या आठवड्यात मी परगावी होते, लेख न तपासता छापून आला. परतले तेव्हा कळलं की घरच्यांनी मुलीचं कॉलेजला जाणं आठ दिवसांपासून बंद केलं आहे. मी तडक सरांच्या घरी गेले. "तुम्ही तिला नाचताना पाहिलंत का?" मी विचारलं. "नाई," ते म्हणाले, "लोकायनं सांगतलं." मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्या रीलमध्ये ती मुलगी लेझीम खेळत होती, सरांनीच शिकवलेलं लेझीम. त्यांनी ती दोनदा पाहिली, मग उठून चप्पल घातली. मुलीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांसमोर तिची माफी मागितली, आणि पुढच्या लेखाचं पहिलंच वाक्य होतं, 'मागच्या आठवड्यात पंचाने चुकीची शिट्टी वाजवली, पंच मैदानाबाहेर उभा आहे.' माझा राग तेवढ्याने गेला नव्हता. त्या मुलीचे आठ दिवस कोण परत देणार होतं? पण चूक झाली असं स्वतःच्या नावाने छापणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

मग दीड वर्षापूर्वी त्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला. सरांच्याच पक्षाचा माणूस. निवडणुकीत त्याच्यासाठी सर उन्हात फिरले होते. वाढदिवसाचा 'सांस्कृतिक महोत्सव' आमच्या शाळेच्या मैदानावर झाला. व्यासपीठ, डीजे, बाहेरून आणलेल्या नर्तकी, आणि आदल्या दिवशी पाऊस झाल्याने गाड्या फसू नयेत म्हणून मैदानभर पसरलेली खडी. मुलींचं कबड्डीचं मैदान त्याच खडीखाली गेलं. जिल्ह्याच्या स्पर्धा पंधरा दिवसांवर आल्या होत्या. सर निवृत्त असूनही त्या मुलींना पहाटे शिकवायला जात. महोत्सव उरकला, मंडप निघाला, खडी मात्र तशीच राहिली. सरांनी उचलायला सांगितलं तर 'होऊन जाईल' असं उत्तर मिळालं. दोन दिवस मुली तशाच खेळल्या आणि त्यांचे गुडघे, कोपरं सोलपटून निघाली. तिसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले तेव्हा सत्तरीचा हा माणूस उकिडवा बसून घमेल्यात खडी वेचत होता, आणि बारा मुली त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने बसल्या होत्या.

त्या बुधवारी त्यांनी आणलेल्या लेखाचं शीर्षक होतं 'खडी'. त्यात एक वाक्य होतं, 'हे दुसऱ्या पक्षाने केलं असतं तर मी जे लिहिलं असतं, तेच आज लिहितो आहे. एक शब्द कमी नाही.' मी त्यात फक्त दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. लेख छापला गेला नाही, पण त्या पुढाऱ्यापर्यंत पोचला. चार दिवसांनी संपादक स्वतः सरांच्या घरी आले, मी तिथेच होते. बिचारे घामाघूम झाले होते. म्हणाले, "सर, तुमी फक्त एवढं लिहा, का माह्या ऐकण्यात गफलत झाली. साहेबाचं मन राह्यते, सदर चालू राह्यते. माफी तं तुमी पयलेबी मांगतली हाये ना?"

सर शांतपणे म्हणाले, "मांगतली. चूक होती म्हून मांगतली. आता चूक कोनती झाली ते दाखवा, उद्या मांगतो."

"चूक नाई हो सर... पण आपलाच माणूस हाये."

"म्हूनच तं लिहलं. लोकाच्या पोरायले शिस्त लावाची अन् घरचं पोट्टं काच फोडून राह्यलं तं तिकडं पाठ फिरवाची? असा मास्तर मी नाई."

सदर बंद झालं. ज्या ग्रुपवर त्यांचे लेख फिरत, त्यातून त्यांना काढून टाकलं. 'म्हातारा विकल्या गेला' असं पसरवलं गेलं, आणि ते पसरवणारे त्यांच्याच हाताखाली सूर्यनमस्कार शिकलेले होते. टपरीवर सर आले की बोलणी थांबत. माझ्या बाजूच्या लोकांनीही काही उजेड पाडला नाही, हेही इथे लिहिलंच पाहिजे. ते 'खडी' मागायला धावत आले, आमच्या मंचावर या म्हणाले. सरांनी नकार दिला. "मी घर सोडलं नाई," ते मला म्हणाले, "घरातल्या माणसावर चिडलो हावो." त्याबरोबर आमच्या लोकांचाही त्यांच्यातला रस संपला. त्यांना सर नको होते, सरांचा एक लेख हवा होता.

तरीही बुधवार चुकला नाही. दोन पानं लिहून ते यायचेच. एकदा मला राहवलं नाही, विचारलं, "सर, छापायचं नाही तर तपासायचं कशाला?" ते खुर्चीत सरळ बसले. "शुद्धलेखन काय छापण्यासाठी असते काय, बाई?" म्हणाले. मी पेनाचं टोपण काढलं. असे सत्तरहून जास्त लेख माझ्या कपाटात आहेत.

छातीत कळ येऊन ते गेले. यवतमाळला नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. तेराव्यानंतर एका मंगल कार्यालयात शोकसभा ठेवली गेली, अध्यक्ष अर्थातच हात जोडलेले तेच साहेब. एकामागून एक वक्ते 'सरांची निर्भीड लेखणी' म्हणत होते. निर्भीड! त्यांतल्या तिघांनी सरांना दीड वर्ष नमस्कारसुद्धा केला नव्हता. मला सहकारी म्हणून दोन मिनिटं दिली होती. मी भाषण केलं नाही. पर्समधून 'खडी' काढला आणि वाचायला लागले. चौथ्या ओळीला सूत्रसंचालक कानाशी येऊन पुटपुटला, "बाई, वेळ झाला." मी वाचत राहिले. मग माइक बंद पडला. म्हणजे पाडला. तीस वर्षं साठ-साठ मुलांचे वर्ग घेतले आहेत मी, माझ्या आवाजाला माइक लागत नाही. शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचले तेव्हा मागच्या रांगेतल्या कबड्डीच्या मुली उभ्या राहिल्या होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या नुसत्या उभ्या होत्या. साहेबांना दुसरा कार्यक्रम आठवला आणि ते निघून गेले. माफी ना त्यांनी मागितली, ना दुसऱ्या कुणी. परवा संपादकांचा फोन आला, स्मृतिअंक काढायचा आहे, न छापलेले लेख देता का? मी म्हटलं, देते. पहिल्या पानावर 'खडी' घ्या, आणि तो तेव्हा आपण का छापला नाही तेही खाली छापा. अजून त्यांनी उलट फोन केलेला नाही.

काल संध्याकाळी सरांच्या घरी गेले होते. वहिनी टीव्हीसमोर बसल्या होत्या. क्रिकेटची मॅच चालू होती आणि आवाज पूर्ण बंद. टीव्ही बिघडला का, मी विचारलं. "नाई हो बाई," त्या म्हणाल्या, "ते आवाज कधी ठेवतच नव्हते. म्हणत, मले दिसून राह्यलं ना, त्यायनं कायले सांगाव? अन् मंग खुदच बोलत राहाचे. मी आतून भाकरी थापता थापता ऐको. हो म्हणो, दुसरं काय." आम्ही दोघी त्या मुक्या मॅचकडे पाहत बसलो. तेवढ्यात एका खेळाडूने हातातला सोपा झेल सोडला आणि तो कॅमेऱ्याकडे पाहून हसला. वहिनी ताडकन सरळ झाल्या. "हसून राह्यला! झेल सोडला अन् हसून राह्यला पाहा!" आणि मग गोरबोलीत, मोठमोठ्याने, त्याच्या केसांवर, त्याच्या हातातल्या कड्यावर, त्याला संघात घेणाऱ्यांवर असं काही सुरू झालं, की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मला त्यातलं निम्मंच कळत होतं. चहा निवून गेला, षटक संपलं, जाहिराती लागल्या, तरी त्या थांबल्या नाहीत... आणि मीही त्यांना थांबवलं नाही.