चेंडू मोरीत

आमच्या हिला कुणी कॉमेंटेटर म्हटलं की ती चिडते. ‘मी पुकारा करते,’ म्हणते. तसं ते खरंच आहे. औषधांच्या घाऊक गोदामात एकोणीस वर्षं हिनं तेच केलंय. हातात मागणीची यादी, समोर सहा माणसं आणि रॅकच्या चौदा रांगा. ही वाचणार आणि ते पळणार. ‘तिसरी रांग, वरचा कप्पा, खोकल्याचं औषध, सहा!’ आधी जागा, मग वस्तू, शेवटी आकडा. ‘आधी वस्तू सांगितली तर माणूस डोकं खाजवत उभा राहतो,’ हिचं म्हणणं. ‘आधी जागा सांगितली की पाय निघतात.’ घरीही तोच खाक्या. ‘कपाट, खालचा खण, डावीकडे, तुमचे मोजे.’ लग्न झाल्यापासून मला एक वस्तू शोधावी लागलेली नाही. तरी मी कटकट करतो, तो भाग वेगळा.

हिचे दादा हिच्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा सायकली दुरुस्त करून त्यांनीच हिला शिकवलं. स्वतः लग्नबिग्न केलं नाही. एकच शौक, फुटबॉल. रविवारी डावीकडून बचावाला खेळायचे, आणि उरलेले सहा दिवस घराच्या मागच्या अंगणात भिंतीवर चेंडू आपटायचे. अडतिसाव्या वर्षी डोळ्यांचा आजार झाला आणि चार महिन्यांत दोन्ही डोळे गेले.

दादांनी आरडाओरडा केला नाही, कुणाला दोष दिला नाही. पुढच्या दाराशी खुर्ची टाकली आणि बसले. आठ वर्षं बसले! वेत विणायला शिकले, उत्तम विणायचे, पण त्या खुर्चीतच. भिंत धरून मोरीपर्यंत जायचे, त्यापुढे नाही. एकदा मधल्या खोलीत स्टुलाला अडकून तोंडावर पडले होते, तेव्हापासून त्यांच्या लेखी मागचं अर्धं घर संपलं होतं. ज्या घरात जन्मले, त्याच घरात. आम्ही शेजारच्याच गल्लीत राहतो, ही दोन वेळा जेवण घेऊन जायची आणि परत येताना डोळे पुसत यायची. हिला देवाकडे दुसरं काही नको होतं. दादा खुर्चीतून उठावा, बस्स.

आता माझ्याकडे येतो. मी वायरमन. मॅचच्या प्रक्षेपणाला लागणाऱ्या वायरी ओढायच्या, जोडायच्या, सांभाळायच्या. तीन वर्षांपूर्वी फुटबॉलची एक नवीन लीग निघाली आणि मला तिथे काम मिळालं. काय एकेक थेरं हो त्यांची! सात-सात खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये मैदान. पंचाच्या छातीवर कॅमेरा. मध्यंतरात प्रशिक्षक खेळाडूंना झापतो, तेही सगळ्यांना ऐकू जाणार. आणि शेवटची पाच मिनिटं कोणत्या नियमानं खेळायची, ते घरी बसलेले लोक फोनवर मत देऊन ठरवणार. मला पहिल्या दिवशी वाटलं, हा खेळ आहे की पोरखेळ! पण लोक तुटून पडले.

मला दोन पास मिळायचे. ही हट्टानं दादांना धरून घेऊन आली. दादा आले, पण कपाळावर आठ्या. टीव्हीवरच्या बोलणाऱ्यांवर त्यांचा फार राग. ‘गोल झाला की तो म्हणतो, शब्दच नाहीत! अरे, शब्द नाहीत तर बोलायला कशाला बसलास?’ मग हीच त्यांच्या कानाशी सांगायला लागली. ‘डावीकडे गेला चेंडू.’ ‘कुणाच्या डावीकडे?’ ‘आपल्या. म्हणजे हिरव्यांच्या.’ ‘किती डावीकडे? पुढे की मागे?’ असं चार वेळा झालं आणि हिचा पारा चढला. ‘अरे मोरीत! आपल्या मोरीत गेलाय चेंडू, कळलं?’

दादा हसले. साधं नाही, खुर्ची हलेपर्यंत. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी लांबून वायर गुंडाळत होतो, माझे हातच थांबले. आठ वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

झालं. त्या दिवसापासून सगळं मैदान म्हणजे हिचं माहेर. आपला गोल म्हणजे पुढचं दार, आणि आपला गोलकीपर म्हणजे दादांची खुर्ची. मग बाहेरची खोली, मधली खोली, पडवी, आणि पलीकडच्यांचा गोल म्हणजे मागचं दार. डाव्या हाताला मोरी, उजव्या हाताला स्वयंपाकघर. ‘मधली खोली, टकल्या... स्वयंपाकघर, लांब्या... पडवीत घुसला!’ आधी जागा, मग माणूस. दादा मान हलवत, पाय आपटत मॅच बघायचे. हो, बघायचेच.

पण हॉलमध्ये स्पीकर असे बोंबलायचे की तिसऱ्या मॅचला हिचा घसा बसला आणि दादांना निम्मं ऐकूच जाईना. ‘राहू दे गं,’ ते म्हणाले, ‘घरीच बसतो.’ ही घाबरली. त्या लीगमध्ये दर आठवड्याला प्रेक्षकांच्या सूचना मागवायचे आणि सगळ्यात जास्त मतांची सूचना अमलात आणायचे. हिनं सूचना टाकली, एका ओळीची: चेंडू कुठे आहे ते सांगणारं एक माणूस द्या. आणि ती चक्क पहिली आली! गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकणारे काय कमी असतात? सगळ्यांनी धडाधड मतं दिली.

आमचे साहेब गळ्यात हेडफोन घालूनच जन्माला आले असावेत. ते म्हणाले, ‘अहो, पण असं बोलणार कोण?’ मी म्हटलं, ‘आमची ही.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माझी सासू सुचवली होती. पण दुसरं कुणी पुढे येईना. ठरलं असं की चार मॅचपुरतं वेगळं चॅनेल द्यायचं, आणि चौथ्या मॅचला, म्हणजे फायनलला, पाच हजार ऐकणारे झाले नाहीत तर बंद.

‘आणि बाई,’ साहेब म्हणाले, ‘ते मोरीबिरी नको हं. जाहिरातदार ऐकतात.’

हिनं ऐकलं. पहिल्या मॅचला ‘डावी बगल’, ‘पेनल्टी क्षेत्र’, ‘मध्यरेषा’. पुस्तक वाचल्यासारखं. ऐकणारे तीनशे. दहाव्या मिनिटाला दादांनी कानातला हेडफोन काढून मांडीवर ठेवला. घरी जाताना म्हणाले, ‘आज कोण बोलत होतं? तू का नाही बोललीस?’ रात्री ही नळ सोडून भांडी घासत होती. एक ताट तिनं चारदा घासलं. मला रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून नळ मोठा ठेवला होता, पण एवढी वर्षं संसार केलाय, मला नळाचाही आवाज ओळखता येतो.

दुसऱ्या मॅचला माईक सुरू झाला आणि ही म्हणाली, ‘नमस्कार. चपला बाहेर काढा आणि आत या. आधी घर दाखवते.’ साहेबांनी कपाळाला हात लावला. मी वायरीआड लपून हसलो. त्या दिवशी नऊशे. तिसऱ्या मॅचला सव्वीसशे. कुणी घराचा नकाशा काढून फोनवर फिरवला, त्यात मोरीला निळा रंग. बाजारात एक अनोळखी माणूस दुसऱ्याला म्हणताना मी स्वतः ऐकलं, ‘यांचा सगळा खेळ स्वयंपाकघरातून चालतो रे!’

फायनलला सुरुवातीला आकडा होता अडतीसशे. हिरवे विरुद्ध पिवळे. बाकीचे तीन बोलणारे लांब स्टुडिओत बसून पडद्यावर बघून बोलायचे. ही मात्र हॉलमध्ये, पहिल्या रांगेत. ‘माल समोर नसला तर पुकारा करता येत नाही,’ हे हिनं साहेबांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेजारी दादा, हिरवा सदरा घालून. ही मॅचआधी मला म्हणाली, ‘आज नाही जमलं तर तो परत त्या खुर्चीत जाईल. आणि मग नाही उठायचा.’ मी म्हटलं, ‘पाणी पी.’

दोन-दोन गोल. आठ मिनिटं उरलेली. आकडा सत्तेचाळीसशेवर येऊन अडकला होता. माझी जागा मुख्य जोडणीच्या पेटीपाशी, तिथून हलायचं नाही असा हुकूम. कानात हिचा आवाज. ‘मोरी, टकल्या... मोरीतच आहे, दोघं अंगावर... निसटला! मधली खोली, लांब्या... पडवी...’ मला राहवेना. लांब्या दिसावा म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो, पाय वायरीत अडकला, आणि मुख्य प्लग उपटून हातभर लांब जाऊन पडला. पिना वाकल्या.

चित्र गेलं. टीव्हीवरचं, फोनवरचं, पंचाच्या छातीवरचं, सगळं. आवाजाची वायर वेगळी, म्हणून आवाज तेवढा राहिला. पण स्टुडिओतले तिघं कशाकडे बघून बोलणार? एक म्हणाला, ‘तांत्रिक अडचण...’ आणि गप्प. साहेब कानात किंचाळले, ‘चित्र कुठंय?’ ‘बघतो साहेब!’ म्हणत मी पक्कड शोधायला लागलो. हाताला असा घाम की पक्कड दोनदा पडली.

मग साहेबांचा आवाज आला. ‘सगळीकडे बाईंना सोडा. सगळ्या चॅनेलवर!’ आणि हिला म्हणाले, ‘बाई, चित्र नाही. आता सगळे फक्त तुम्हाला ऐकताहेत.’

‘बरं,’ ही म्हणाली. एवढंच. आणि पुढच्या श्वासात, ‘नवीन आलेल्यांनी चपला बाहेर काढा. पुढच्या दारातून आत या. दारात दादाची खुर्ची, तो आपला गोलकीपर. सरळ गेलात की मागचं दार, तिथे गोल करायचाय. डावीकडे मोरी, उजवीकडे स्वयंपाकघर. चला. मधली खोली, पिवळा सात...’

मी पिना सरळ करत होतो आणि अंगावर काटा येत होता. हजारो घरांत काळे पडदे, आणि सगळे आमच्या सासरवाडीत पळताहेत!

शेवटच्या पाच मिनिटांसाठी मतं मागवली. चित्र नसतानाही लोकांनी भरभरून मतं दिली. नियम निघाला: गोलकीपरनं हात लावायचा नाही. दोन्हीकडे गोंधळ. तीन वेळा पुढच्या दाराला धडका बसल्या, तीन वेळा आपल्या गोलकीपरनं छातीनं, गुडघ्यानं, एकदा तर कपाळानं चेंडू अडवला. एक मिनिट उरलं. आणि हिचा आवाज एकदम चढला.

‘दादाची खुर्ची रिकामी! गोलकीपर निघालाय, चेंडू त्याच्या पायात! बाहेरची खोली... कुणी अडवत नाहीये, कुणाला खरंच वाटत नाहीये! मधली खोली... एक चुकवला... स्टूल ओलांडलं त्यानं, दुसराही चुकवला! पडवी... पडवीत आला... मागचं दार! मागचं दार उघडलं! चेंडू अंगणात, चेंडू अंगणात!’

हॉल असा ओरडला की माझ्या हातातली पक्कड तिसऱ्यांदा पडली. दादा उभे होते. दोन्ही मुठी वर, तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहत. चित्र परत आलं तेव्हा पडद्यावर पहिले तेच दिसले.

त्या वेळी ऐकणारे होते एकसष्ट हजार. साहेब आले, हेडफोन गळ्यातून काढून हातात घेतला. ‘बाई, चॅनेल राहणार,’ म्हणाले. ‘मोरीसकट.’ मी प्लग कसा निघाला ते कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन जेवायला बसलो, तर वाढता वाढता ही म्हणाली, ‘पेटीजवळ, खालच्या बाजूला, तुमचा उजवा पाय.’ मी मान खाली घालून जेवलो. हिनं पहिल्या रांगेतून सगळं पाहिलं होतं आणि माईकवर चकार शब्द काढला नव्हता. अशी बायको आहे म्हणून नोकरी आहे!

फायनल जिंकली, पण लीगचा हंगाम संपला आणि दादा परत दिवसभर खुर्चीतच असायचे. ते हिला खुपायचं.

आणि मग पंधरा दिवसांनी सकाळी दादांच्या दारात एक बाई आल्या. साठीच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त, जन्मापासून आंधळ्या. सून हात धरून घेऊन आली होती. आम्ही दोघंही तिथेच होतो. ‘घर बघायला आलेय,’ त्या म्हणाल्या. ही गडबडीनं हात द्यायला पुढे झाली, तर त्यांनी हात बाजूला केला. चपला काढल्या. ‘ही दादांची खुर्ची ना? नमस्कार.’ आणि चालायला लागल्या. काठी नाही, भिंत नाही. ‘बाहेरची खोली. इथे डावीकडे मोरी. मधली खोली. स्टूल इकडे असेल, बाजूनं जाते.’ गेल्या की हो बाजूनं! ‘उजवीकडे स्वयंपाकघर, चहाचा वास येतोय. पडवी.’ हात पुढे केला तो बरोबर कडीवर पडला. त्यांनी मागचं दार उघडलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘गोल!’

मी दादांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. खरंच सांगतो, राग. परकी बाई येऊन आपल्या घरात गोल करून गेली म्हणून. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ते उठले.

हिला राहवलं नाही, सवयच ती. ‘दादा, बाहेरची खोली... सरळ... आता मधली...’

‘गप गं,’ दादा चालता चालता म्हणाले. ‘घर माझं आहे.’

ते तसेच सरळ गेले, आणि थोड्या वेळानं मागच्या अंगणातून भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज यायला लागला.