फर्स्ट परेड ओके

माझं शेवटून दुसरं पोस्टिंग लडाखमध्ये होतं. साडेतेरा हजार फुटांवरची लहान पोस्ट. तीस-बत्तीस माणसं, एक जनरेटर, एक अँब्युलन्स आणि एक म्हातारा अडीच टनी ट्रक. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. ट्रकचा ड्रायव्हर लान्स नायक अशोक, सिन्नर तालुक्यातला. मी निफाडचा. तेवढ्या उंचीवर निफाड आणि सिन्नर एकच गाव होतं. आम्ही एका ताटात जेवायचो. त्याच्या बायकोची चिठ्ठी आली की तो मला वाचून दाखवायचा, नको तेवढीसुद्धा.

फौजेत गाडीची रोज सकाळी तपासणी होते, तिला फर्स्ट परेड म्हणतात. ड्रायव्हर तेल, पाणी, हवा, बॅटरी बघतो, गाडी स्टार्ट करतो आणि लॉगबुकात ‘ओके’ लिहितो. आठवड्यातून एकदा मेकॅनिक गाडी बघून खाली सही करतो. अशोकची परेड सहाला. मी जायचो नऊला, चहानाश्ता करून. तोवर इंजिन गरम झालेलं असायचं. गरम इंजिनाची कुठलीही गाडी गुणीच दिसते. ही माझी चूक, ती आधीच कबूल करून टाकतो.

सप्टेंबरात एका सकाळी मला बंकरमधून ट्रकचा आवाज आला. उशिरा पकडला, खोकला, मग सरळ झाला. नऊला मी अशोकला विचारलं, सकाळी त्रास देते का?

“काय नाय. थंडीत कुरकुरती जरा. आपण नाय का कुरकुरत?”

मी हसलो आणि सही केली.

त्याची बायको बाळंत व्हायची होती. वीस दिवसांची रजा मंजूर झाली होती. गाडी ऑफ रोड, म्हणजे नादुरुस्त ठरली तर ती खालच्या वर्कशॉपला जाते आणि ड्रायव्हरला तिच्यासोबत जावं लागतं. मग रजा लांबते. हे तो जाणून होता आणि मीही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी सातच्या कॉन्व्हॉयने तो निघाला. जाण्यापूर्वी त्याने स्वतः गाडी स्टार्ट केली आणि चालू इंजिनावरच ती बदली ड्रायव्हर सिपाही मुरुगनच्या ताब्यात दिली. मी शेजारी उभा होतो. अशोकने मला मिठी मारली, मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलबी म्हणाला. त्याच संध्याकाळी हिमदंश झालेल्या एका जवानाला घेऊन अँब्युलन्स खाली गेली. पोस्टवर ट्रकच राहिला.

दुसऱ्या दिवशी ०५:४० ला नर्सिंग असिस्टंटने पोस्टचे प्रमुख सुभेदार साहेबांना उठवलं. आमचा कुक नायक भगवानसिंग तीन दिवसांपूर्वी रजेवरून परतला होता. त्याच्या छातीत पाणी भरलं होतं. उंचीवर असं होतं आणि त्याला एकच खरं औषध असतं, माणसाला लगेच खाली नेणं. ऑक्सिजनचे सिलिंडर दोन. हेलिकॉप्टर दहाच्या आधी येणार नव्हतं. एमआय रूम, म्हणजे खालचा दवाखाना, ट्रकने सव्वा तासावर. रस्ता कोरडा होता.

०५:५५ ला मुरुगनने सेल्फ मारला. गाडीने घेतलं नाही. तो बिचारा घाबरून मारत राहिला. मी ०६:०५ ला पोहोचलो तेव्हा बॅटरी फक्त टक् टक् करत होती.

मी सायलेन्सरकडे बघितलं. एवढा सेल्फ मारूनही धूर नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही, असं समजलो असतो. धूरच नाही म्हणजे डिझेलच नाही. लाइनीतली हवा काढायचा ब्लीडिंगचा स्क्रू ढिला केला तर नुसते बुडबुडे. गाडीने एअर घेतली होती. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या जोडाला तांब्याचा वॉशर असतो, नखाएवढ्या जाडीचा. तो चिरला होता. उभ्या गाडीत तिथून हवा शिरायची आणि रात्रभरात लाइनीतलं डिझेल टाकीत परत जायचं.

अशा वेळी हाताने पंप मारून डिझेल वर ओढतात. त्या हँड पंपाची मूठ धरायला गेलो आणि हात थांबला. आजूबाजूचं सगळं काजळी आणि ग्रीसने काळं होतं, आणि मूठ तेवढी चकचकीत. रोज कुणाचा तरी हात लागल्याशिवाय लोखंड असं चमकत नाही.

मला सगळं समजलं. अशोक रोज सकाळी आधी पंप मारायचा आणि मग ‘ओके’ लिहायचा. विचार करायला वेळ नव्हता.

पंप मारून डिझेल आणलं, पण सेल्फ फिरवायला बॅटरी नव्हती. ट्रक दगडी आडोशात, खड्ड्यात उभा, ढकलून निघणारा नव्हता. जनरेटरच्या बॅटऱ्या तीनशे मीटरवरून आणायच्या होत्या. त्या उंचीवर चार माणसं दर वीस पावलांना बसत होती. बटालियनमधून वायरलेस आला. सुभेदार साहेबांनी घेतला.

“गाड़ी निकली?”

“नहीं साहब. स्टार्ट नहीं है.”

“कितना टाइम?”

“बता नहीं सकता साहब.”

०७:२० ला इंजिन पकडलं. मी मागे भगवानसिंगजवळ बसलो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडातून गुलाबी फेस येत होता. एकदा त्याने मला, सकाळच्या चहाचं काय झालं, असं विचारलं. ०८:१० ला तो गेला. ०८:३५ ला आम्ही एमआय रूमला पोहोचलो. वेळेवर निघालो असतो तर ०७:१० ला पोहोचलो असतो. डॉक्टर म्हणाले, वाचला असता असं खात्रीने सांगता येत नाही. ते सज्जन होते.

पार्थिवासोबत गढवालला जायची ड्यूटी माझी लागली. त्याच्या पत्नीने एकच प्रश्न विचारला, इतका उशीर का झाला? मला कुणी काही शिकवून पाठवलं नव्हतं. मीच म्हणालो, “भाभीजी, रास्ता बर्फ से बंद था.” तिने मान हलवली आणि मला जेवूनच जायला सांगितलं. मी जेवलो. तो घास अजून उतरलेला नाही.

पोस्टवर परतल्यावर तो वॉशर बदलला. वीस मिनिटं लागली. सुट्या भागांच्या डब्यात तसले सहा पडून होते. वर्कशॉपची गरज नव्हती, गाडी ऑफ रोड टाकायची गरज नव्हती, रजेला धक्का लागत नव्हता. त्याने मला नुसतं सांगायचं होतं.

अशोक परतला तो जिलबी घेऊनच. मी डबा उघडला नाही.

“रोज पंपाचे किती स्ट्रोक मारायचास?” मी विचारलं.

“तीस. कधी चाळीस.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू लय नियमाचा माणूस. वाटलं, ऑफ रोड टाकशील.”

मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दीड वर्ष एका ताटात जेवलेल्या माणसाने मला एवढंच ओळखलं होतं. बरं, मला नाही तर नाही, मुरुगनला तरी सांगायचं. निघताना एक वाक्य पुरलं असतं.

चौकशीत मला वाटलं होतं, आता तरी बोलेल. तो सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, मी गेलो तेव्हा गाडी ओके होती, लॉगबुकात मेकॅनिकची सही आहे. सही होती. मी मुठीबद्दल सांगितलं, पण तोवर आठ जणांनी ती मूठ हाताळली होती. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे रेकॉर्डवर कडक ताकीद मिळाली. अशोक पुढच्या वर्षी नायक झाला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही.

आता सिन्नर रस्त्यावर माझं गॅरेज आहे. हिवाळ्यात द्राक्षवाले जुने डिझेल ट्रक आणतात, सकाळी त्रास देते म्हणतात, आणि आणतात दुपारी, गरम इंजिनाने. मी सांगतो, गाडी इथे मुक्कामाला ठेवा. सकाळी इंजिनाला तळहात लावून ते गार असल्याची खात्री करतो आणि पहिला सेल्फ स्वतः मारतो. ड्रायव्हरच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. कुणी नाराज होतात, होऊ देत.

गेल्या महिन्यात सिन्नरला माजी सैनिकांचा मेळावा झाला. अशोकचा सत्कार होता. पोट सुटलंय, केस काळे केलेत. माइकवर तो म्हणाला, “पंधरा वर्षं फौजेची गाडी चालवली. माझी गाडी एक दिवस ऑफ रोड गेली नाय.” टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याने मला बघितलं आणि हात जोडले. माझे हात मांडीवरच राहिले. संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. तो व्यासपीठावर खोटं बोलत होता. मी ते एका विधवेच्या ओसरीवर बोललो होतो.

घरी आलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत गढवालला पत्र लिहिलं. अशोकचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. भाभीजी हयात आहेत की नाहीत ठाऊक नाही, म्हणून मुलांच्या नावेही केलं. पत्र फार मोठं नाही. नायक भगवानसिंग ०८:१० ला माझ्या मांडीवर गेले. त्यांनी चहाची आठवण काढली होती. त्या सकाळी रस्ता मोकळा होता. गाडी चालू झाली नाही, आणि ती ठीक आहे अशी सही माझी होती.