तापाच्या दारातला गार घाम

तापाने फणफणलेल्या माणसाला घाम फुटला की तुम्ही काय करता? खरं सांगा. हुश्श म्हणता, ताप उतरला म्हणून नातेवाइकांना कळवता, चहा टाकता. ढकलबाईसुद्धा सव्वीस वर्षं याच घामावर विश्वास ठेवत आली होती.

हे तिचं नाव नव्हे. सरकारी इस्पितळात ती चाकाच्या खुर्च्या ढकलायची, म्हणून नर्सांनी ठेवलेलं. गुडघे कधीच कामातून गेले होते. फ्लूची साथ आली की इस्पितळाला दोन दारं व्हायची. ताप-खोकला असेल त्याला पिवळी चिठ्ठी आणि डावं दार, बाकीच्यांना पांढरी चिठ्ठी आणि उजवं. ईसीजीचं मशीन उजवीकडे, आणि पिवळ्या चिठ्ठीने तिकडे फिरकायचं नाही. नियम वाईट नव्हता. फक्त तापाच्या माणसालाही काळीज असतं, हे नियम लिहिणाऱ्या साहेबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आदल्याच आठवड्यात शिवणकाम करणारी एक बाई पिवळी चिठ्ठी घेऊन बसली होती, घामाने निथळत. ढकलबाईनेच तिचं तोंड पुसलं, उतरला गं ताप म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे वळली. परत आली तेव्हा त्या बाईला कुठे न्यायची घाई उरली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं, की फ्लूच्या पहिल्या आठवड्यात हृदयावर ताण येतो, आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू शकते. ढकलबाईला कुणी बोल लावला नाही. पण तिच्या हाताला तो घाम आठवत राहिला. पाझरत्या माठासारखा गार.

आज पाळी संपायला अर्धा तास होता. बस चालवणारा एक पन्नाशीचा माणूस, तापाचा चौथा दिवस. बायको वहीने वारा घालत होती, चेहऱ्यावर चार दिवसांनी हसू.

"बघा ना मावशी, घाम सुटला. सुटलो एकदाचे."

ढकलबाईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"दादा, छातीत काही होतंय का?"

"छातीत नाही हो. जबडा धरलाय. डावा हात जड झालाय. तापाची अंगदुखी, दुसरं काय."

तिने शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्यापुढे सहा जण होते. मान वर न करता ते म्हणाले, पिवळी आहे ना, मग नंबर येऊ दे. ढकलबाईने त्या सहा जणांकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग खुर्चीचा ब्रेक काढला.

उजव्या दारातल्या रखवालदाराने हात आडवा घातला. पिवळी चिठ्ठी.

"हात काढ," ती म्हणाली. "नाहीतर तुझ्या पायावरून नेते."

त्याने काढला. ही बाई बोलते ते करते, हे त्याला ठाऊक होतं.

मशीनवाला कुरकुरत तारा लावत होता. कागद बाहेर आला आणि त्याची कुरकुर बंद पडली. मग धावपळ सुरू झाली, आणि धावपळीत ढकलबाईचं काम नव्हतं. बायको वही छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

"पण ताप तर उतरला ना, मावशी?"

ढकलबाईने रिकामी खुर्ची पुढे सरकवली. "बस इथं."

तो माणूस वाचला. ढकलबाईला मेमो आला: नियम मोडल्याचा लेखी खुलासा करा. तिने कारकुनाला लिहायला सांगितलं, घाम गार होता. एवढंच का, त्याने विचारलं. एवढंच, ती म्हणाली, आणि ते शाईचं पॅड ठेव आत, मला सही येते.

दारं अजून दोनच आहेत. ती दमली आहे, आणि प्रत्येक पाळीला तीच खुर्चीमागे असेल असं नाही. म्हणून तुम्हालाच विनंती. घरात फ्लूच्या माणसाला घाम फुटला तर आधी कपाळाला हात लावा. घाम गार असेल, किंवा छाती, जबडा, हात, पाठ धरली असेल, दम लागत असेल, तर चहा राहू द्या. त्याला चालवू नका, तडक इस्पितळात न्या, आणि चिठ्ठी कुठल्याही रंगाची मिळो, दारातच ठणकावून सांगा: आधी हृदय बघा.