लाल पायावरची निळी रेघ

तुरी कापल्यावर वावरात खुंट राहतात, सुरीसारखे टोकदार. तसला एक खुंट मागच्या माघात चपलेतून माझ्या उजव्या पायात घुसला. ओढून काढला, वर तापवलेल्या बिब्याचं काळं तेल टेकवलं आणि कामाला लागले. काटा असो की खुंट, आमच्याकडे बिबा हाच इलाज. जन्मभर तोच केला.

तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत लालभडक झाला. मी म्हटलं, बिबा उतला. काहींना उततो, कातडी लाल होते, फोड येतात. खोबरं चोळून लावलं. पण उतलेला बिबा खाजतो. हे खाजत नव्हतं, ठणकत होतं, आणि अंगात थंडी भरली होती. मला फरक कळत होता. तरी दोष बिब्यालाच देत बसले, कारण दुसरा शब्द तोंडावर आणायचा नव्हता.

तो शब्द सेप्टिक. माझ्या मोठ्या जावेला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, सेप्टिक झालं आहे, आणि दुसऱ्या दिवशी तिचा डावा पाय घोट्यावरून कापला. तेव्हापासून माझ्या लेखी सेप्टिक म्हणजे कापणं. मी चौथी शिकलेली. कोणी अर्थ सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

"आई, पाय दाखवा," सून म्हणाली.

"बिबा उतला. तुले काय समजते त्यातलं?"

तिने वाद घातला नाही. सरळ जाऊन माझ्या त्या जावेला घेऊन आली. जाऊ कुबडी टेकत आली, खाटेवर बसली, माझं लुगडं सरकवून पाय पाहिला.

"लपवून कावून राहिली?"

"डॉक्टर सेप्टिक म्हणाला त?"

"म्हणू दे. कापलाच त माया उजवा हाये, तुया डावा राहीन. एका चपलेच्या जोडात दोघींचं भागते."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. मग ती म्हणाली, "डॉक्टरनं नाव घेतलं म्हणून नाही कापला माया पाय. त्याच्या आधी वीस दिवस मी तो झाकून ठेवला होता. काळा पडला होता. हे तुले सांगाची लाज वाटे."

सुनेने जीप थांबवली. तासाभरात आम्ही परतवाड्याच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी पाय दाबला, साखर तपासली. मी विचारलं, "सेप्टिक हाये काय?"

"हो आजी."

"कुठून कापता?"

"कापायचं कोण बोललं?" ते म्हणाले. "सेप्टिक म्हणजे जखमेतून जंतू आत गेले आणि वाढले. गळू पिकतं तेही सेप्टिक, तुमचा पाय सुजला तेही सेप्टिक. लवकर आलं तर औषधाने जातं. मांस सडू दिलं, तरच सुरी." कागदावर त्यांनी वेगळंच नाव लिहिलं, सेल्युलायटिस. कातडीखाली पसरतं त्या सेप्टिकचं ते नाव, म्हणाले. सेप्टिक हे नाव आपलं सगळ्यांनाच लावायचं.

मग लाली जिथे संपत होती तिथून त्यांनी बॉलपेनने पायाभोवती निळी रेघ ओढली. इंजेक्शनं सुरू केली. दोन दिवसांनी लाली रेघेच्या आत दिसली तर इथेच इलाज. बाहेर गेली तर अमरावती.

सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यायचं म्हणून परतवाड्यालाच भाचीकडे राहिलो. पहिल्या दिवशी लाली रेघेला टेकूनच होती. मी पाय उशीवर ठेवून पडून राहिले. सून दर तासाला पाहायची. मी तिला हाकलून द्यायची, आणि ती गेली की स्वतः पाहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेने मला दारातल्या उजेडात बसवलं. रेघ आणि लाली यांच्यात दोन बोटं मावत होती. मी माझी बोटं लावून पाहिली. मग तिची लावायला लावली, कारण माझी बारीक आहेत.

"पुसून टाकू काय रेघ?" ती म्हणाली.

"हात नको लावू. उद्या पुन्हा मोजायचं हाये," मी म्हटलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा भाकर मागितली.