शुभदाची कुरबुर

शुभदा साळवेला गाणं सुचायचं ते कणीक मळताना. गाझियाबादच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये परातीवर बोटांचा ठेका सुरू झाला, की आतल्या खोलीतून विनय ओरडून विचारायचा, "पोळ्या की गाणं?"

"दोन्ही," शुभदा म्हणायची. "पण पोळ्या करपणार आहेत, आधीच सांगते."

ठेका तिला माहेरून मिळाला होता. तिचे वडील नगर जिल्ह्यात गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करायचे. झांजांच्या आवाजातच ती झोपायची आणि झांजा थांबल्या की जागी व्हायची. लग्नानंतर विनयच्या नोकरीपायी ती दिल्लीकडे आली. इथे मराठी उपासना भरायची रविवारी दुपारी, हिंदी मंडळी जेवायला घरी गेली की त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये. नोएडा-गुडगावच्या ऑफिसांतली काही कुटुंबं आणि दिल्लीतल्या मुनिरक्यात खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलंमुली, एवढीच माणसं. त्यांच्यासाठी शुभदा गाणी लिहू लागली. मेट्रोच्या गर्दीत उभ्याउभ्या केलेली प्रार्थना, थंडीतलं धुकं, निकालाच्या आदल्या दिवशीची धाकधूक, सगळं तिच्या गाण्यांत यायचं. "आपण राहतो कुठे ते देवाला कळायला नको का?" असं ती म्हणायची.

आणि ती गाणी गायची विनयनं. पेटीवर तो काळी चार धरायचा. पुरुषाला एवढी उंच पट्टी सहसा झेपत नाही, पण विनयचा आवाज तिथेच फुलायचा. शुभदाला चाल सुचायची तीही त्याच्याच आवाजात. तो शब्द कुठे लांबवेल, श्वास कुठे घेईल, हे धरूनच ती ओळ बांधायची.

मग विनयच्या गळ्यात गाठ निघाली. ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. गाठ काढताना नस दुखावू शकते, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. आवाज मात्र गेला. उरली ती नुसती कुजबुज, वाळल्या पानावरून हात फिरवावा तशी.

विनय हसून कुजबुजला, "ऑफिसात सगळे खूश आहेत. मीटिंग लवकर संपते म्हणे."

शुभदा हसली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. त्यानंतर तिला एकही गाणं सुचेना. कणीक मळायची, पण परात गप्प. एखादी ओळ डोक्यात आलीच तर ती विनयच्या जुन्या आवाजात यायची, आणि शुभदा तिला तिथेच दाबून टाकायची. रविवारी उपासनेत लोक तिची जुनी गाणी म्हणत, तेव्हा ती ओठ मिटून बसायची. विनय शेजारी पेटी वाजवत असायचा. तिच्याकडे बघायचा.

वर्ष उलटलं. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला. त्या दिवशी शुभदाचं नवं गाणं व्हायचं, असा मंडळीचा रिवाजच पडला होता. मराठी मंडळीचे पाळक अविनाश आढाव यांनी फोन केला. "शुभदाताई, यंदा?"

"यंदा नाही, पाळकसाहेब. आतून काही येत नाही. येतो तो फक्त राग."

फोन ठेवला आणि ती कणीक मळायला बसली. मळता मळता रागच उसळून आला. हाताखाली परात वाजू लागली, वडिलांच्या कीर्तनातल्यासारखी, पण संथ, जड. तिची अकरावीतली मुलगी केतकी दारात येऊन उभी राहिली. शुभदा पुटपुटत होती:

*कुरबुर माझी ऐक प्रभो रे,*
*दारी तुझिया बसले;*
*दिवा दिला तू, वात लावली,*
*तेल कुणी मग सांडले?*

"आई, कुरबुर मतलब?" केतकी दिल्लीतच वाढलेली.

"शिकायत. पण मोठ्यांदा भांडून नाही. ज्याला सोडून जायचं नसतं ना, त्याच्याकडे करायची."

"अच्छा," केतकी म्हणाली. "म्हणजे तू पप्पांशी करतेस ती."

गाणं पाळकांकडे गेलं. ते स्वतःच गाझियाबादला आले. चहा पुढ्यात थंड झाला तरी त्यांचे डोळे कागदावरून हलेनात.

"ताई, शब्द फार चांगले आहेत. पण हे तक्रारीवरच संपतं. आपल्याकडे येणारी मुलं घरापासून लांब आहेत, कोणी तिसऱ्यांदा नापास झालंय. त्यांनी येऊन हे ऐकायचं? शेवटी एक कडवं आशेचं घाला ना."

"आशा अजून आली नाही, पाळकसाहेब. आली की घालीन. आत्ता घातली तर ती खोटी होईल, आणि देवासमोर खोटं गायला मला जमणार नाही."

विनयनं खुर्ची पुढे ओढली. त्याचं बोलणं ऐकायला सगळ्यांना वाकावं लागायचं. पाळकही वाकले.

"माझ्यासमोर वर्षभर सगळे आनंदीच बोलतात," तो कुजबुजला. "हिचं हे गाणं ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, माझा आवाज गेलाय हे कोणीतरी देवाला सांगितलं."

 कागदाची घडी करून खिशात ठेवत पाळक म्हणाले, "उत्तम शुक्रवारी आपण क्रुसापाशी थांबतो. पुनरुत्थानाचा रविवार त्या दिवशी आलेला नसतो. गाऊ या."

गायची कोणी, हा प्रश्न होता. मुनिरक्यात राहणारी जालन्याची रेवती पुढे आली. तिचा आवाज जाड, थोडा खरखरीत. "काकू, मला चर्चमधलं गाणं येत नाही. भारूड येतं," ती म्हणाली. विनयनं तिला पेटीपाशी बसवून शिकवलं. गाऊन दाखवता येत नव्हतं म्हणून हातानं स्वर दाखवायचा. ती चुकली की कपाळावर हात मारून घ्यायचा, आणि रेवती खो खो हसायची.

उत्तम शुक्रवारी हॉल भरला होता. रेवतीनं पहिलं कडवं म्हटलं. ध्रुपद सगळ्यांनी उचललं, नेहमीसारखं खड्या आवाजात. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा विनयचे ओठ हलताना शुभदाला दिसले. तो गात होता. पुढच्या रांगेतल्या बाईंना ते जाणवलं आणि त्यांनी आपला आवाज खाली आणला. त्यांच्या शेजारच्यानं आणला. मागच्या रांगांपर्यंत तो असाच उतरत गेला, कोणी कोणाला खूण केली नव्हती. शेवटी सगळा हॉल कुजबुजत गात होता, आणि त्या कुजबुजीत विनयची कुजबुज ऐकू येत होती. स्वर नव्हता, पण ताल अगदी पक्का.

शुभदानं तोंड उघडलं आणि तीही गाऊ लागली. वर्षानंतर.

बाहेर पडताना यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत पुन्हा नापास झालेला एक मुलगा पाळकांपाशी थांबला. "सर, मला वाटायचं चर्चमध्ये येताना चेहरा नीट करूनच यावं लागतं." पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायऱ्यांवर बसून बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिले.

पुढे थेरपीनं विनयचा आवाज थोडा परतला. जुना नव्हे, खालचा, घोगरा. काळी चार कायमची गेली. शुभदाला त्या नव्या आवाजाची ओळख करून घ्यायला वेळ लागला. चुकून उंच चाल बांधायची, मग मोडायची. कधी अतिसावधपणे इतकी खाली न्यायची की विनय वैतागायचा.

परवा ती चर्चच्या संडे स्कूलमधल्या मुलांसाठी चिमणीचं गाणं बांधत होती. विनयनं दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि पेटीचा भाता बंद केला.

"एवढं खाली? चिमणी आहे की बेडूक?"

"तुझा घसा सांभाळतेय रे."

"माझा घसा मी बघतो. तू चिमणीचं बघ."

शुभदानं हात पुसले, परात जवळ ओढली आणि चाल एक स्वर वर नेली.