तिसऱ्या दिवसाची सावली

श्रीपतीमामांनी चाळीस वर्षं गौलीगुड्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. वाचता फक्त मराठी यायचं. तेलुगू आणि उर्दू अक्षरं ते बघून हुबेहूब उतरवत. प्रत्येक अक्षराला उजवीकडे, खाली सावली. सावलीविना अक्षर म्हणजे त्यांच्या मते आंघोळ न केलेला नवरदेव. मग फ्लेक्स आले आणि मामा घरी बसले. हजारो लोकांची नावं लिहिली, पण स्वतःचं नाव एकाही भिंतीवर नाही, ही खंत ते चहा पिताना हमखास काढत.

मी बरकतपुऱ्यातल्या एका मिशन शाळेत क्लार्क आहे. यंदा आवारातल्या भिंतीवर बायबलमधली सृष्टीची गोष्ट हवी होती. सात दिवस, सात चौकटी. कमिटी फ्लेक्स लावणार होती. मी मध्ये तोंड घातलं आणि मामांना घेऊन आले. बायबल शिकवणाऱ्या अलका मॅडम मूळच्या नगरच्या, त्यामुळे बोलणं मराठीत झालं.

"आम्ही बौद्ध आहोत मॅडम. आमच्यात असा कोणी बनवणारा नाही," मामांनी आधीच सांगून टाकलं. "लेकिन तुमची गोष्ट आहे, जशी सांगाल तशी उतरवतो. फक्त भिंतीवर माझं नाव टाकू द्या."

"गोष्टीबरहुकूम झालं तर टाका. चुकलं तर कमिटी वरून फ्लेक्स ठोकेल, मग मला बोलू नका."

मामा दोन आठवडे खपले. पहिल्या दिवशी उजेड, दुसऱ्या दिवशी आकाश, तिसऱ्या दिवशी जमीन आणि झाडं. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी. सहाव्या दिवशी जनावरं, त्यात पहिला बैल चक्क लाल कंधारी, मामांच्या गावाकडचा. शेजारी झुडपाआड पहिला माणूस आणि पहिली बाई. बाईचा चेहरा थेट पार्वतीमामींचा. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मॅडम एकेक चौकट बघत आल्या आणि तिसरीपाशी थांबल्या. आंबा, चिंच, ताड, सगळ्या झाडांखाली निळसर सावल्या पडल्या होत्या.

"मामा, सूर्य कधी झाला?"

"चौथ्या रोजी."

"मग तिसऱ्या दिवशी सावली कुठून आली?"

मामा चौकटीजवळ जाऊन सावल्या बघू लागले. हात सवयीने चालला होता.

"उजेड तर पहिल्याच रोजी झाला ना?" त्यांनी विचारलं. "तो कुठल्या बाजूने येत होता, लिवलंय का कुठं?"

मॅडमनी आठवून पाहिलं. "नाही लिहिलेलं."

"मग चौतरफ येत असंल. सावली पडत नाही. माझीच चूक."

सोमवारी कमिटी येणार होती. शनिवार-रविवार मामा एकेक सावली पुसत बसले. मला मॅडमचा रागच आला. इतकं बारीक कोण बघणार होतं? मामांचं म्हणणं, गोष्ट दुसऱ्याची असली की हात जास्त सांभाळायचा. पण झाडं सपाट दिसायला लागली, अगदी फ्लेक्ससारखी, आणि ते त्यांना फार लागलं. रविवारी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

सोमवारी कमिटीने भिंत पास केली. सातवी चौकट विश्रांतीची, म्हणून कोरीच ठेवली होती. मॅडमनी तिच्याकडे बोट दाखवलं. "नाव इथं टाका."

मामांनी बारीक ब्रश घेतला आणि लाल रंगात 'श्रीपती' लिहिलं. मग मॅडमकडे वळून विचारलं, "सातव्या रोजी सूर्य होता ना?"

"होता."

मामांनी ब्रश पुसला, काळ्या रंगात बुडवला आणि प्रत्येक अक्षराला उजवीकडे, खाली सावली दिली.